दोन याद्या आणि एक ओळ

लॅमिनेशनच्या गरम प्लास्टिकचा वास आला की मला पोलादपुरातल्या एका कचेरीची खिडकी आठवते आणि डोकं फिरतं. वरच्या वाडीवर डोंगर खचत होता, तिथल्या लोकांना खाली घरं मिळायची होती, आणि एका म्हातारीचं नाव जुळत नव्हतं. का, तर ग्रामपंचायतीच्या यादीत इंग्रजी नावं स्मॉल अक्षरांत आणि रेशनच्या यादीत कॅपिटलमध्ये. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. खिडकीतल्या बाबूनं तिच्याकडे दोन्ही नावं तिचीच असल्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं. शेळ्या शेजारणीवर सोपवून, तिसऱ्यांदा डोंगर उतरून ती ते घेऊन आली, तर हा म्हणतो, "आजी, लॅमिनेशन कशाला केलंत? आता शिक्का कुठे मारू? नवीन आणा." "पावसात भिजंल म्हनून केला रे बाबा. मी तीच हाय, बघ ना." संघटनेकडून वाडीच्या कामासाठी मी तिथेच होतो. दोन्ही याद्या पेनड्राइव्हवर मागून घेतल्या, लॅपटॉपवर पायथन या संगणकाच्या भाषेत एक ओळ लिहिली: आधी सगळी नावं कॅपिटल कर, मग ताडून बघ. तिचंच काय, वाडीतली अडलेली सगळी नावं जुळली. "अहो, मग आधी नाही का सांगायचं," बाबू म्हणाला. म्हातारीनं मला हात जोडले आणि मी तिच्यावरच खेकसलो, "हात कसले जोडता? हक्क आहे तुमचा." ती दचकून मागे सरकली. आज संघटनेच्या पत्रकात सरकारी कारभारावर लिहिताना मी कुणाला सोडत नाही. पण त्या दिवशी यादीवर सही बाबूची हवी होती, म्हणून त्याला मात्र मी "थँक्यू साहेब" म्हणालो.