मनोरीच्या लाटेकडे पाठ करून

त्या रविवारी मी समुद्रावर चिडलो होतो. समुद्रकिनाऱ्यावर बसून कोणा माणसावर नव्हे, खुद्द समुद्रावर.

संध्याकाळी सात वाजता फुटबॉलची फायनल होती. माझी टीम कितीतरी वर्षांनी तिथवर पोचली होती. आणि त्याच दिवशी माझी सोळा वर्षांची मुलगी सई मनोरीला सर्फिंगच्या स्पर्धेत उतरणार होती. "सकाळी दहाला सुरू, दुपारी जेवायला घरी," ती म्हणाली होती. आम्ही कांदिवलीहून निघालो, मार्व्याला फेरीबोट पकडली आणि साडेनऊला वाळूवर हजर झालो.

समोर समुद्र परातीतल्या पाण्यासारखा सपाट.

नाकाला पांढरं मलम फासलेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला आयोजक म्हणाला, "काका, लाट नाही. थांबावं लागेल."

"किती वेळ?"

"ते समुद्राच्या हातात."

"मग त्याला विचारून सांगा. सातला मॅच आहे माझी."

अकरा वाजले, एक वाजला, तीन वाजले. फोनवर मित्रांचे मेसेज येत होते. मित्राच्या घरी टीव्हीसमोरच्या माझ्या ठरलेल्या खुर्चीत कोणाचा तरी मेव्हणा बसणार, असं समजलं. (मेव्हण्याला ऑफसाइड म्हणजे काय तेही माहीत नाही.) मी वाळूत येरझाऱ्या घालायला लागलो.

"पोरगी सहा महिने पहाटे उठून शिकतेय," माझी बायको मेधा म्हणाली. "तुझी फायनल पुढच्या वर्षीही होईल."

"फायनल होईल गं. त्यात माझी टीम नसेल. मी ओळखतो तिला."

साडेचारला कुठे लाटा उठल्या. सईचा नंबर जवळजवळ शेवटी. बोर्ड काखेत घेऊन ती माझ्यापाशी आली. चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, बघशील ना?"

"सकाळपासून दुसरं काय करतोय?" मी खेकसलो. ती वळून पाण्यात शिरली.

तेवढ्यात आयोजकाने सांगितलं, "काका, बक्षीस समारंभ साडेसहाला. साहेब येणार आहेत, सगळ्यांनी थांबायचंय."

माझं डोकंच फिरलं. मी गर्रकन त्याच्याकडे वळलो आणि सुरू झालो. दहाची वेळ काय, साहेब काय, लोकांच्या रविवारची किंमत काय. बोलता बोलता आजूबाजूला टाळ्या पडायला लागल्या. म्हटलं, चला, लोकांच्या मनातलं कोणीतरी बोललं. टाळ्या वाढल्या तसा मी आणखी चढलो. हात वर करून बोलायला लागलो. कोणीतरी शिट्टीसुद्धा मारली.

आयोजक माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. "काका," तो हळूच म्हणाला, "मागे बघा."

मागे गुडघाभर पाण्यातून सई हसत बाहेर येत होती. पहिल्यांदाच ती पडली नव्हती. थेट किनाऱ्यापर्यंत उभी राहून आली होती.

"पाहिलंस, बाबा?"

शेजारी मेधा उभी होती, त्यामुळे खोटं बोलायची सोय नव्हती. "टाळ्या ऐकल्या," मी म्हणालो.

तिचं हसू मावळलं.

त्यानंतर घरी निघूया म्हणायची माझी हिंमत झाली नाही. साहेब आठला आले, वीस मिनिटं बोलले. सईचा नंबर आला नव्हता, तरी मी प्रत्येक बक्षिसाला हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या. माझी टीम हरल्याचं परतीच्या बोटीत फोनवर कळलं. कोणाला सांगणार? सई दोन बाकं सोडून बसली होती.

"व्हिडिओ काढलायस ना?" मी मेधाला विचारलं. तिने फोन पुढे केला.

पडदाभर मीच होतो, समुद्राकडे पाठ करून. वर केलेल्या हाताच्या खालून, बगलेच्या फटीतून, अंगठ्याएवढी सई दोन्ही हात पसरून लाटेवर उभी, येत होती, येत होती, येतच होती. मी तीनदा बघितला. चौथ्यांदा लावला तेव्हा सई उठून शेजारी येऊन बसली आणि तिने आवाज मोठा केला.

माझाच आवाज होता. "अरे, इथे काय चाललंय, याचं भान आहे का कोणाला?"

सई खो खो हसत सुटली. प्रश्न रास्तच होता. फक्त विचारणारा उलट्या दिशेला तोंड करून उभा होता.