द्राक्षबागेतलं हेल्मेट

अन्याय माझ्या मैत्रिणीच्या वडिलांवर झाला आहे. गेल्या मंगळवारी सकाळी, सात ते आठच्या दरम्यान, सिडको ते पाथर्डी फाटा या भर रस्त्यात. करणारे सगळे त्यांच्या ओळखीचे.

सायकलवर हेल्मेट कधी घालावं याचा इतका खोल विचार करून इतका उलटा निष्कर्ष काढलेला दुसरा माणूस नाशकात नाही. हे काका मूळचे कळवणचे, अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, रोज सकाळी सायकलवर. रिक्षा, कंपन्यांच्या बस, कॉलेजची पोरं यांच्या गर्दीत त्यांचं तोंड झाकणारं हेल्मेट हँडलला लटकलेलं. पाथर्डी गाव मागे पडलं, गौळाण्याच्या मोकळ्या रस्त्याला नुसत्या द्राक्षबागा उरल्या, की काका उतरतात, हेल्मेट चढवतात, पट्टा आवळतात. भुरभुर पाऊस असला तर मात्र गर्दीतही घालतात. मी चौकाचौकात हेल्मेटची पत्रकं वाटणारी, मला हे बघवेना. कुतूहलही होतंच. म्हणून एकदा त्यांच्याबरोबर सायकल काढली, तर ती मिरवणूकच निघाली. भाजीवाल्या मावशी, शिफ्टला निघालेले जुने सोबती, कुणाला हात, कुणाच्या नातवाची चौकशी. चहाच्या टपरीवाल्याने माझ्याकडे बघून विचारलं, "काय काका, आज बॉडीगार्ड?"

"बॉडीगार्ड नाय, इन्स्पेक्टर हाय. डोकं तपासायला आलीय."

"सापडलं तर आम्हालाही दाखवा, ताई."

पुढे गेल्यावर मी सरळ विचारलं, "काका, डोकं गर्दीत फुटतं की द्राक्षांत?"

"गर्दीतच. पण द्राक्षं मला हाक मारत नाय," ते म्हणाले. "आमच्याकडे माणूस न बोलता पुढं गेला, तर त्याच्या घरी कायतरी बिनसलं असं धरतात. पावसात कुणी मान वर करत नाय, तेव्हा घालतो की."

त्यानंतर थोड्याच दिवसांत, त्याच गर्दीत, एका रिक्षाने कट मारला आणि काकांच्या भुवईवर टाके पडले. मैत्रिणीने दम भरला, "पप्पा, उद्यापासून दारातूनच हेल्मेट. नाहीतर सायकल भंगारात." मंगळवारी काकांनी ऐकलं. मी इतकी खूश, की पत्रकावर त्यांचाच फोटो छापणार होते.

ते परत आले आणि चहा पीत बसले. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. मावशींनी वर पाहिलं नाही. टपरीवाला त्यांच्या आरपार बघत राहिला. आणि शेजारच्या मशीनवर ज्याने अख्खी नोकरी काढली, त्याने थांबवून विचारलं, "भाऊ, कंपनीची बस गेली का?"

"मग?"

"गेली म्हणालो. अन् निघालो."

"अहो, ओळख द्यायची ना."

"एका डब्यात जेवलो गं आम्ही. त्याला काय आता नाव सांगू?"

बुधवारी हेल्मेट पुन्हा हँडलला. टाके अजून काढलेले नाहीत, मैत्रीण रोज भांडते आणि काका रोज तसेच निघतात. माझ्या पत्रकात कवटी आहे, मेंदू आहे, तुमची वाट पाहणारं कुटुंब आहे; टपरीवाला नाही. पुढच्या सोमवारी मी त्यांना हेल्मेट घालायला लावणार, तेवढं माझ्यावर सोडा. तुमचं काम वेगळं आहे. पाथर्डी फाट्याच्या बाजूला हेल्मेट घातलेला एक म्हातारा सावकाश, दोन्हीकडे बघत सायकलवरून जाताना दिसला, तर हाक मारा. ओळख नसली तरी मारा.