‘सर्व’ म्हणजे कोण कोण

चनबसप्पा मास्तर गेल्याचे शुक्रवार पेठेत कळले, तेव्हा मला त्यांच्या चेहऱ्याआधी माझेच वाक्य आठवले. ‘मास्तर, विषयाला धरून बोला.’ भर सभेत मी त्यांना असे अडवले होते. ती माझी चूक होती.

पेठेतल्या वाचनालयाचा मी चिटणीस. मास्तर शाळेत इतिहास शिकवीत; घरी कानडी, बाहेर मराठी. त्या दिवशी ते अमेरिकेतल्या यादवीवर बोलत होते. सर्व माणसे समान, असे सांगत ते राष्ट्र जन्मले, पण त्याच्या घटनेत गुलामगिरी खुशाल नांदली. यादवी पेटली तीही आधी फक्त देश एक ठेवण्यासाठी. पुढे काळी माणसेही पलटणीत उभी राहून मेली आणि जुन्या घटनेवर भागेना… गुलामगिरी गेली, तिथे जन्मलेला माणूस नागरिक ठरला.

एवढ्यात त्यांची नजर दाराकडे गेली. पायरीवर गिरणीतला हणमंता उभ्याने ऐकत होता. अस्पृश्यांनी आत यायचे नाही, असे कुठे लिहिलेले नव्हते. पाळले मात्र जाई.

“चिटणीस, पाटीवर ‘सर्वांस मुक्तद्वार’ लिहिलंय की! आमच्या कानडीत एल्लरू म्हणजे एल्लरू. तुमच्या मराठीत सर्व म्हणजे कोण कोण, ते विचारावं लागतंय.”

लोक हसले. वर्गणीदार उठून जातील, या भीतीने मी म्हणालो, “आधी स्वराज्य येऊ द्या, ते मग बघू.”

“त्यांनीबी हेच म्हटलं होतं. देश राहू द्या, गुलामांचं मग बघू. तो ‘मग’ लई महाग पडला…”

तेव्हा मी ते वाक्य बोललो. मास्तर थांबले. उपरणे सावरत बाहेर गेले आणि हणमंताशेजारी पायरीवर बसले. व्याख्यान अपुरे राहिले ते राहिलेच.

पुढे काही वर्षांनी आम्ही दार खरेच सर्वांना उघडले. लढाईवाचून झाले, याचा मला अभिमान वाटे. पण इतकी वर्षे पायरीवर कोण उभे होते, हे मी मनात येऊ देत नव्हतो.

मास्तरांच्या आजारपणात मी त्यांची माफी मागितली. ते हसले. “माझी कशाला? मला कुणी दारात अडवलं होतं? जिथं मागायची तिथं मागा की.”

ते गेल्यावर मी हणमंताच्या घरी गेलो.

“या की साहेब, भाईर का हुबं?”

“आधी बोलू द्या, हणमंतराव. त्या दिवशी तुम्हाला आत बोलवायचं माझ्या हातात होतं. मी बोलावलं नाही. मला माफ करा.”