मोड विकावी ती मामीनेच

आमच्या मामीला दुकानाची पायरी चढताना पाहून ज्याने घाईघाईने काटा पुसायला घेतला नाही, असा सराफ अख्ख्या बीडमध्ये शोधून सापडायचा नाही. मामी राहते चौसाळ्यात, पण तिचा धाक थेट जिल्ह्याच्या गावापर्यंत. गावात कुणाला जुना दागिना मोडायचा झाला की आधी मामीची मनधरणी करावी लागते. एकदा ती हो म्हणाली की तयारी अशी, जणू सोयरीक जमवायला निघालोय. सोबत येणाऱ्याने इस्त्रीचे कपडे घालायचे, घरून पोटभर जेवून निघायचं आणि दुकानात तोंडाला कुलूप लावायचं. "गरजू दिसलास की भाव पडलाच म्हनून समज," हा तिचा दम. आमच्या शेजाऱ्याला तर चांदीचं कडं विकायला तिने लग्नातला कोट घालून नेलं होतं, तेही ऐन मे महिन्यात. बिचारा घामाने निथळत होता आणि मामी सराफाला सांगत होती, "ह्यांना इकायची काई घाई न्हाई, सहज आलेत."

दुकानात शिरली की ती आधी पंखा बंद करायला लावते. वाऱ्याने काटा हलतो म्हणे. "सोनं आमचं आन् वारं तुमचं, आसं कसं चालंल, शेठ?" मग आज मोडीला भाव काय, तूट किती धरणार, सगळं दागिना पिशवीत ठेवूनच विचारायचं. उत्तर पटलं नाही की चालली पुढच्या दुकानात. तिच्यापायी माझ्या कितीतरी चपला झिजल्या, पण तिच्यासोबत गेलेलं कुणी कधी फसलं नाही, हेही खरंच.

गेल्या साली तिची स्वतःचीच बोरमाळ विकायला निघाली. कैलासवासी मामांनी हौसेने केलेली. नातीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची होती. त्या दिवशी मामीला एकही दुकान पसंत पडेना. एकाचा भाव कमी, दुसरा मण्यांतल्या लाखेपायी फार वजन कापतो, तिसऱ्याचा तर चेहराच आवडला नाही. गंमत म्हणजे प्रत्येक पायरी ती जरा खुशीतच उतरत होती. शेवटच्या दुकानातल्या तरुण सराफाने तिला विचारून एक मणी उकलला, त्यातली लाख तोलून दाखवली, तेवढीच वजा धरली आणि मामीने घरून ठरवून आणलेला भाव आपणहून सांगितला. मामीने माळ पुन्हा तोलायला लावली. वजन तेच आलं.

"मामी, द्यायची ना?" मी हळूच विचारलं.

"आता न्हाई म्हनायला काई ठिवलंच न्हाई की रं त्यानं," ती म्हणाली आणि माळ पुढे सरकवली.

फी त्याच दुपारी भरली. नात आता दुसऱ्या वर्षाला आहे, मामीला तिचं लई कौतुक. पण त्या दिवशी परतताना एसटीत "चोख भाव आला बग, लेकरा," असं सांगता सांगता मामीचा हात सारखा गळ्याशी जात होता. तिथे काही नाही हे कळलं की ती पदर नीट करायची आणि पुन्हा भावाचंच बोलायला लागायची. मला मात्र त्या भल्या सराफाचा राग आला होता. तो अजूनही पुरता गेलेला नाही.