भाऊजींचा तळहात

हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये माझे भाऊजी चंद्रभान अठ्ठावीस वर्षं एकच काम करत आले. प्रेसमधून निघालेल्या कापसाच्या प्रत्येक गठाणीवर तळहात ठेवायचा आणि आत आग आहे का ते सांगायचं. सरकी काढलेल्या रुईत अडकलेली ठिणगी गठाणीत दाबली गेली, तर धूर न काढता आठ-आठ दिवस आत धुमसत राहते. भाऊजींनी "थंड" म्हटलं की गठाण गोदामात जायची. त्या हाताचा त्यांना भारी तोरा. नातवाचा तापसुद्धा थर्मामीटरनं बघू द्यायचे नाहीत.

म्हणून प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तेव्हा ते ओटीपोटावर हात ठेवून म्हणाले, "थंड हाय. मले काई नाई झालं."

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. शरीरात पहारा देणाऱ्या पेशी असतात. तपासणीला काढलेल्या तुकड्यात त्या पुष्कळ दिसतात, पण त्यातल्या बऱ्याच फितूर झाल्यात. लढायचं सोडून कॅन्सरलाच पोसतात आणि उरलेल्या पहारेकऱ्यांना गप्प बसवतात. अशा आजाराची पुढे सरकायची भीती जास्त. उपचार याच आठवड्यात सुरू करा.

भाऊजी हसले. माझं डोकंच फिरलं. माझी बहीण देवकाताई रडून रडून थकली, आणि हे रोज सकाळी पूजेला बसावं तसे ओटीपोटावर हात ठेवून बसायचे. मग तो हात तिथून निघेचना. बोलता बोलता मध्येच थांबायचे, कान द्यायचे. "आतमंदी सारे चूप बसून राह्यले," एकदा म्हणाले.

पाचव्या दिवशी भर दुपारी त्यांनी मला जिनिंगच्या मागच्या गोदामाशी नेलं. बारा वर्षांपूर्वी ते जळलं. छप्पर नाही, भिंती अजून काळ्या, आणि कबूतरसुद्धा तिथे बसत नाही. आग विजेच्या तारेनं लागली असं सगळे म्हणतात.

"तार नव्हती बाप्पा," भाऊजी हळूच म्हणाले. "ते गठाण मीच पास केलती. ह्याच हातानं."

"गरम होती?"

त्यांनी माझा हात ओढून आपल्या ओटीपोटावर दाबला.

"सांग, कसं लागते?"

"थंड."

"तेबी अशीच थंड होती," ते म्हणाले. "चाल, गाडी काढ. दवाखान्यात जाऊ."