खुंटीवरच्या रोटीचा इलाज

तोलिबजानला गप्प बसता येत नसे, हेच त्याच्या घरच्यांचं खरं दुखणं होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यानं पावाच्या कारखान्यात, तिथल्या छोट्याशा प्रयोगशाळेत काढली. कणकेत पाणी किती, खमीर जागं आहे की मेलं, मीठ कुठल्या खाणीचं, हेच त्याचं जग. मग कारखान्यात नवी यंत्रं आली, ओलावा तीच मोजू लागली आणि तोलिबजान आपला पांढरा कोट काखोटीला मारून घरी आला. तिथून बिचाऱ्या घरच्यांचे हाल सुरू झाले. पुलावाचा घास उचलावा, तर हा सांगणार की पिवळं गाजर शिजूनही विरघळत का नाही. चहा ओतावा, तर पहिला कप तीनदा किटलीत परत का घालायचा याचं व्याख्यान. पोरं जेवण अर्धवट टाकून पळायची. शेवटी त्याच्या बायकोनं, मुनव्वरनं, एक दिवस फोन उचलला, दह्याच्या मडक्याला टेकवून त्याच्यासमोर उभा केला आणि म्हणाली, "अहो, आता याला सांगा. याला कान आहेत आणि पळायला पाय नाहीत."

त्यानं खरंच फोनला सांगायला सुरुवात केली. अशी ती मालिका जन्माला आली. नाव ठेवलं 'नेगा?', म्हणजे 'का बरं?'. आमच्या फरगाना खोऱ्यातल्या चुस्त गावात माणसं दोन गोष्टींत तरबेज, सुऱ्यांना धार लावण्यात आणि जिभेला. त्यामुळे पहिल्या भागाला शिव्याच जास्त पडल्या. पण दुसऱ्या भागात त्यानं दुधाच्या मडक्याला आपल्या मेलेल्या बापाचा रजईसारखा जाड झगा घातला, वर चौकोनी टोपी चढवली आणि डॉक्टरसारखं दर थोड्या वेळानं विचारू लागला, "आता कसं वाटतंय? थंडी वाजतेय का?" सकाळी झगा काढला तर खाली घट्ट दही. उबेशिवाय दही का लागत नाही, हे शाळेत कुणाला कळलं नव्हतं ते त्या दिवशी अख्ख्या चहाखान्याला कळलं. कांदा रडवतो का, खरबूज बोरूच्या जाळीत टांगलं तर हिवाळा कसं काढतं, असं एकेक होत गेलं. माणूस अंगानं आडवा, तोंड वाळक्या जर्दाळूसारखं, त्यात गंभीरपणे बोलायची खोड. तो 'नमस्कार' म्हणाला तरी लोक हसायचे. त्याला आधी राग येई, मग सवय झाली.

मालिकेला खरी चव आणली ती होसियत आपानं. ही त्याची थोरली बहीण, विधवा. अंगण एकच, द्राक्षांच्या मांडवाच्या एका बाजूला हा आणि समोर तिची खोली. एकदा चित्रण चालू असताना यानं बोलण्याच्या नादात रोटी उपडी ठेवली, आणि आमच्याकडे हा अन्नाचा अपमान. आपा पलीकडून झाडू घेऊनच आली. रोटी सुलटी केली, कपाळाला लावली, आणि पन्नाशीच्या भावाला कॅमेऱ्यासमोर असा काही झापला की बस. त्यानं तो भाग तसाच टाकला. तेव्हापासून लोक लिहू लागले, तुम्ही राहू द्या, आपाला दाखवा.

आणि प्रत्येक भागाखाली सगळ्यात पहिली ओळ लिहायचा जवलान. आपाचा एकुलता एक मुलगा. तो रशियात त्युमेनला इमारतींवर कामाला गेला होता. "मामा, पोट आत घ्या, कॅमेऱ्यात मावत नाही," असलं काहीतरी लिहायचा. सुरुवातीला दर शुक्रवारी फोन यायचा, मग सणावारी, मग तोही राहिला. उरली ती एवढी ओळ. आपाला वाचता यायचं, तरी ती तोलिबजानकडून वाचून घ्यायची, दोनदा. तिच्या लेखी ते मुलाचं पत्र होतं.

जवलान निघाला त्या पहाटे आपानं तंदूरमधून काढलेली पहिली रोटी त्याच्यापुढे धरली होती. त्यानं एक घास तोडला आणि उरलेली तिनं भिंतीवरच्या खुंटीला टांगली. आमच्याकडे लांब जाणाऱ्याची रोटी अशीच राहते. तो येतो, उरलेली खातो, तोवर तिला कुणी हात लावत नाही. अशी रोटी टांगलेली नाही असं घर आता आमच्या मोहल्ल्यात शोधावं लागेल. आपा रोज सकाळी उठली की आधी तिकडे बघायची, मग तोंड धुवायची.

यंदा वसंतात पाऊस जरा जास्तच झाला. आपाच्या खोलीचं छप्पर कोपऱ्यात गळलं आणि भिंत ओलावली. एक दिवस ती तोलिबजानच्या दारात येऊन उभी राहिली ती आवाज न करता. आपा आणि आवाज नाही, म्हणजे काहीतरी वाईटच. तो तिच्या मागून गेला. रोटीच्या कडेला, घास तोडलेल्या जागेच्या पलीकडे, हिरवा ठिपका पडला होता. आपा खाली बसली. म्हणाली, मी मनाशी ठरवलंच होतं, ही रोटी गेली की समजायचं, तो येत नाही. देवाची मर्जी. किती दिवस डोळे लावून बसू? मीही माणूसच आहे. एवढं बोलून ती उठली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

बहिणीला त्यानं नवऱ्याच्या मयतीतही इतकं शांत पाहिलं नव्हतं. पण लगेच त्याच्यातला कारखानेवाला जागा झाला. अरे, बुरशीच ना? बुरशीला पाणी लागतं. पाणी काढून घेतलं की संपला तिचा खेळ. आयुष्यभर केलं काय आपण? त्यानं आपाला हाक मारली, म्हणाला, "आपा, रडायचं नाही. तुमची रोटी मी बरी करतो."

आणि केली की. भला माणूस, पण फोन लावल्याशिवाय त्याला काही करता येत नसे. त्यानं पांढरा कोट चढवला, रोटीला छोट्या उशीवर निजवलं, भिंग घेऊन तपासलं, चुस्तच्या नाजूक सुरीनं ठिपका खरवडून काढला. मग रोट्या लावून झालेल्या तंदूरमध्ये, निखारे काढून उरलेल्या मंद उबेत, तिला जाळीवर ठेवलं. मध्ये मध्ये तंदूरपासून उठून घाम पुसत नातेवाइकांना सांगायचा, "प्रयत्न चालू आहेत." नातेवाईक म्हणजे आपा. ती तंदूरसमोर खाटेवर बसली होती, हातात जपमाळ, ओठ हलताहेत, नजर तंदूरच्या तोंडावरून हलत नाही. ती काही नाटक करत नव्हती. पाहणाऱ्यांना मात्र वाटलं, वा, काय काम केलंय म्हातारीनं. संध्याकाळी तोलिबजाननं रोटी बाहेर काढली, बोटानं टकटक वाजवली, लाकडासारखा आवाज आला. मग तो कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, "रुग्ण सुखरूप आहे. पाण्याचा थेंब लागला नाही तर ही रोटी तुम्हाआम्हा सगळ्यांना पुरून उरेल." आपानं भर कॅमेऱ्यासमोर त्याच्या कपाळाचा मुका घेतला. रोटी पातळ कापडात बांधून आतल्या कोरड्या भिंतीवर गेली.

तो भाग वणव्यासारखा पसरला. फरगाना खोऱ्यातले लोक पोट धरधरून हसले. मग खाली ओळी येऊ लागल्या, आणि त्या वेगळ्याच होत्या. माझीपण घरी टांगलेली आहे, आता कोण बघत असेल तिच्याकडे? माझी आई गेली, रोटी अजून आहे म्हणतात. मी इथे रशियात, समाराला बर्फ उपसतोय, माझ्या रोटीलाही डॉक्टर पाठवा. तोलिबजान वाचत बसला. आपा मात्र एकच विचारत होती, जवलाननं काय लिहिलं? जवलाननं काही लिहिलं नव्हतं. पहिल्यांदाच.

आठवडा गेला नसेल, तोलिबजान बाजारात सलगम निवडत होता आणि फोन वाजला. जवलानच होता. मामाला इतका आनंद झाला की तो आधी हवापाणी, पगार, बूट, सगळं विचारत सुटला. पलीकडून मुलगा 'हं, हं' करत राहिला. मग म्हणाला की तो आता तिथेच राहणार. कागद झालेत. लग्न झालंय, मुलगी झाली, चालायलाही लागली. आईला यातलं एक अक्षर माहीत नाही. किती वेळा सांगायला फोन हातात घेतला, पण आई पहिल्याच वाक्यात रोटी काढते.

तोलिबजान भाजीवाल्याकडे पाठ करून उभा राहिला. म्हणाला, मग एकदा येऊन जा. ये, रोटी खा, सांग आणि जा. जवलान म्हणाला, आलो तर सुटणार नाही मामा, ती पाय धरील आणि मी मेलो तरी तिचे हात सोडवू शकणार नाही. इथे पोरगी माझ्याशिवाय झोपत नाही.

मग जवलान म्हणाला, "तुमच्या त्या आधीच्या भागात, आईच्या खोलीत काढलेल्या, मागच्या भिंतीवरच्या रोटीवर मला ठिपका दिसला होता. तुमच्याही आधी. म्हटलं, बरं झालं. रोटी आपोआप जाईल, आई आपोआप समजेल, कुणाला काही सांगायला नको. तुम्ही तिला बरं केलंत, मामा."

तोलिबजाननं हातातलं सलगम मागे ढिगावर ठेवलं.

"आता तुम्हीच समजावा. तुम्ही कसलंही अवघड हसतखेळत सांगता ना, तसं."

फोन बंद झाल्यावर तो सलगम न घेताच घरी आला. मुनव्वरला सांगितलं. ती डोक्याला हात लावून बसली, आणि एवढंच म्हणाली की माझ्यानं होणार नाही, तुमची बहीण आहे. खरंच होतं ते. तो रोज ठरवायचा. चहाच्या वेळी आपासमोर बसायचा, खाकरायचा. आपा म्हणायची, "बोल ना, तोंड आलंय का?" आणि याच्या तोंडून निघायचं की पुदिना उन्हात नाही, सावलीतच वाळवावा. आपा डोळे मिटून हसायची. असा कसा रे तू, म्हणायची. सांगायला आलेला माणूस पुदिन्याची गोष्ट सांगून परत जायचा. जन्मभर बडबड केलेल्या माणसाच्या जिभेनं नेमका तेव्हाच दगा दिला.

मग त्याच्या मनात ते आलं. येऊ नये, पण आलं. ओंजळभर पाणी. वर प्लास्टिकची पिशवी. दोन-चार दिवस. जे केलं ते उलट करायचं, दुसरं काय? आपानं स्वतःच ठरवलेलं होतं, रोटी गेली की समजायचं. कुणी कुणाला काही सांगायला नको. देवाची मर्जी म्हणून ती कोंबड्यांना दाणे टाकायला जाईल. आपा शेजारी बाळाला पाळण्यात घालण्याच्या जेवणाला गेलेली बघून तो भर दुपारी तिच्या खोलीत शिरला, हातात पाण्याचा लोटा घेऊन. कापड सोडलं. रोटी हातात आली तशी त्याच्या हातानं ती आपोआप ओठांना लावली, मग कपाळाला. लहानपणापासूनची सवय, ती काय विचारून होते? पण त्यानंतर लोटा वर उचलवेना. पीठ आहे, मीठ आहे, पाणी आहे, तो स्वतःला सांगत होता. कोण जाणे किती वेळ तसाच उभा होता. रोटी नासवणं आमच्याकडे कुणी शत्रूच्या घरीही करत नाही, आणि ही तर भाच्याच्या दातांची.

आपा दारात आली, वाटीत झाकून आणलेला पुलाव घेऊन. तिनं भाऊ बघितला, रोटी बघितली, लोटा बघितला. तिचा चेहरा खुलला.

"नवा भाग काढतोयस होय? पाण्याचा दाखवायचाय? लांबूनच दाखव हं, थेंब लागता कामा नये."

त्यानं लोटा खाली ठेवला. आता सांगावं. आताच.

"आपा," तो म्हणाला.

"थांब जरा, आज मी बोलते," आपा म्हणाली. "एवढा मोठा मुलगा, येणं जमत नाही म्हणून लाजत असेल. म्हणून लिहीत नाही. मला कळत नाही का?" तिनं वाटी ठेवली, ओढणी नीट केली, खुंटीखाली मांडी घातली आणि हनुवटीनं त्याला खूण केली. तोलिबजाननं एका हातात रोटी तशीच धरून दुसऱ्या हातानं फोन काढला. दुसरं काय करणार? आपा बोलली, सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तशी.

"जवलान, बाळा. रोटीची काळजी करू नकोस. मामानं तिला बरं केलंय, आता तिला काही होत नाही. कितीही वर्षं टिकते म्हणतो. तू उगाच धावपळ करून येऊ नकोस. सावकाश ये. मी आहे."

मग म्हणाली, सगळ्यांना दाखवू नकोस, त्याला एकट्याला पाठव. त्यानं पाठवला. लगेच पाहिल्याची खूण उमटली. 'लिहितोय' असं आलं, गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. मग काहीच आलं नाही.

"बघितलं का त्यानं?"

"बघितलं."

"काय म्हणाला?"

तोलिबजान फोनकडे बघत राहिला. "हसला, आपा."

"हसू दे," आपा म्हणाली. "तिकडे कोण हसवतंय त्याला." तिनं रोटी त्याच्या हातातून घेतली, कापडात बांधून खुंटीला लावली, आणि त्यानं आणलेला लोटा उचलून चहाला पाणी ठेवायला गेली.