जीके, यथावकाश ये

संगीताचा फोन आला तेव्हा मी कचेरीत एका पत्राचा मसुदा तपासत होतो. संगीता म्हणजे माझी आतेबहीण. "दादा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो आत्याचा नव्हता, माझा स्वतःचा होता. सांगायला लाज वाटते, पण तसाच आला. माझ्या फोनमध्ये आत्याचा दहा दिवसांपूर्वीचा निरोप पडून होता : 'जीके, यथावकाश ये. बोलायचं आहे.' आणि मी गेलो नव्हतो. मी नाशकात गंगापूर रोडला राहतो, आत्याची कॉलनी द्वारका चौकाच्या पलीकडे. अर्धा तास लागतो, चौकात अडकलात तर पाऊण. दहा दिवसांत मला तो पाऊण तास सापडला नाही. एका रविवारी पाहुणे होते, एका संध्याकाळी गाडी पंक्चर होती, आणि उरलेले दिवस कंटाळा होता. कंटाळ्याचं मी कोणाजवळ बोललो नाही, इथे पहिल्यांदाच लिहितो आहे.

आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळे नातेवाईक जमले. कोणी विचारायच्या आतच मी फोन काढून तो निरोप दाखवत होतो. लोक वाचायचे आणि मला हवं तेच म्हणायचे. "अरे, तिनेच लिहिलंय की सवडीने ये म्हणून. तुझा काय दोष?" मी मान खाली घालून हे ऐकून घ्यायचो आणि पुढच्या माणसाकडे वळायचो. सात-आठ जणांकडून निर्दोष ठरल्यावर मला भूक लागली. संगीता मात्र त्या घोळक्यात आली नाही. ती पाण्याचे पेले भरत राहिली.

आत्या सातवी शिकलेली. निफाडकडच्या खेड्यातून लग्न होऊन नाशकात आली, आणि नवरा लवकर गेल्यावर ओझरच्या विमानांच्या कारखान्यात कँटीनला लागली. पहाटे द्वारकेला बसची वाट बघत उभं राहायचं, दिवसभर पोळ्या लाटायच्या आणि संध्याकाळी परत. एवढ्या मोठ्या कारखान्यात रोज जायचं आणि फक्त पीठच बघायचं, हे तिला पटेना. जेवायला आलेल्या फिटरला ती पोळी वाढता वाढता विचारायची, "दादा, आज काय ठोकलं?" तो म्हणायचा, रिव्हेट. "ते काय असतं?" मग तो ताटातली मिरची उभी धरून समजावायचा. त्या संध्याकाळी घरातल्या कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकोनात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं जायचं : 'रिव्हेट. विमानाचा पत्रा शिवायचा टाका. सांगितलं : फिटर दादा.' इतरांच्या घरी त्या चौकोनांत गॅस कधी लावला ते असतं. आत्याच्या चौकोनात रोज एक शब्द, त्याचा अर्थ आणि तो देणाऱ्याचं नाव. नाव लिहिल्याशिवाय चौकोन पुरा व्हायचा नाही. कॅलेंडरच्या खिळ्याला सुतळीने पेन्सिल बांधलेली असायची.

तिचा एक नियम होता. शब्द ज्याच्या हातातला, त्याच्याच तोंडून घ्यायचा. "पुस्तकातला शब्द उष्टा असतो रे. कोणीतरी चावून ठेवलेला." शाळेत असताना मी सुट्टीत तिच्याकडे असायचो आणि तिच्याबरोबर बाजारात जायची मला भयंकर लाज वाटायची. ती चांभाराजवळ थांबणार, "ह्या सुरीला काय म्हणता हो?" तो म्हणणार, रापी. एकदा लासलगावला कोणाच्या तरी बारशाला गेलो, तर ही बाई बाळ बघायचं सोडून कांद्याच्या ट्रॅक्टरमागे. बारक्या कांद्याला गोल्टी म्हणतात आणि कांद्याला फुलाचा दांडा आला की त्याला डेंगळा म्हणतात, हे घेऊन ती परतली. बाळाचं नाव काय ठेवलं ते मात्र तिला शेवटपर्यंत आठवलं नाही.

मला जीके हे नाव मिळालं ते आठवीत. तालुक्याची सामान्यज्ञान स्पर्धा होती. शेवटचा प्रश्न आला : भिंत सरळ उभी आहे की नाही, हे बघायच्या गवंड्याच्या साधनाला काय म्हणतात? बाकीची पोरं छताकडे बघत बसली. माझ्या डोळ्यांपुढे आत्याच्या कॉलनीत बुद्धविहार बांधत होते त्या मे महिन्यातला एक चौकोन आला. 'ओळंबा. दोरीला वजन. सांगितलं : विहाराचे गवंडी.' मी ओरडलो, जिंकलो. माईकवर मला विचारलं, एवढं ज्ञान कुठून मिळवलंस? समोर तिसऱ्या रांगेत आत्या कामावर रजा टाकून बसली होती. मी म्हणालो, "अवांतर वाचनातून." टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात तिच्याच. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "नाव सांगायला विसरलास होय रे?" मी म्हणालो, कोणाचं? ती म्हणाली, "गवंड्याचं." तिला स्वतःचं नाव नकोच होतं... त्या दिवसापासून घरात मी जीके. आणि जीके झालेल्या माणसाच्या तोंडून 'माहीत नाही' हे दोन शब्द काही निघत नाहीत. विमानाच्या शेपटीवरच्या उभ्या पंखाला काय म्हणतात, असं पाहुण्यांनी विचारलं तेव्हा मी बेधडक 'पुच्छदंड' म्हणून मोकळा झालो होतो. आत्याने दुसऱ्याच दिवशी ओझरहून खरा शब्द आणला आणि माझ्या कानात सांगितला. चारचौघांत नाही.

पुढे मी सरकारी कचेरीत कारकून झालो. आत्या निवृत्त झाली आणि कॉलनीतल्या मुली संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात जमायला लागल्या. कोणी पोलीस भरतीची, कोणी तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणारी. आत्या म्हणायची, परीक्षेचं तुमचं तुम्ही बघा, माझ्याकडून रोज एक शब्द न्या आणि एक आणून द्या. मुली आणायच्या. कोणी द्राक्षाच्या बागेतून 'विरळणी' आणली, कोणी शिंप्याकडून 'तुरपाई'. स्वयंपाकघर पुरेना, म्हणून आत्याने जवळच्या एका रिकाम्या सरकारी खोलीत अभ्यासिका व्हावी असा अर्ज केला. तो माझ्याच कचेरीत आला. पुढे त्याचं काहीच झालं नाही. बऱ्याच वर्षांनी कॉलनीतल्या लोकांनीच विहाराच्या मागची खोली मोकळी करून दिली. अर्जाचा विषय निघाला की आत्या मला टोचायची, "तुमच्या कचेरीला शब्द पाळता येत नाय, जीके." मला वाटायचं, म्हणायची पद्धत आहे. मी हसायचो. सरकारी माणसाला असले टोमणे पगाराबरोबरच मिळतात.

आणखी एक हसू सांगायचं राहिलं. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला पानं मांडून झाली होती आणि व्याही मंडळी गप्पांत रमली होती. आत्या पदर खोचून पुढे गेली आणि हात जोडून म्हणाली, "पाव्हणं, यथावकाश जेवायला बसा, भात निवतोय." व्याह्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, "भात निवतोय तर यथावकाश कसं चालेल, आजी?" मंडपात हशा पिकला. मीही हसलो. हसलो एवढंच नाही, वर म्हणालो, "आमच्या आत्याला जड शब्दांची हौस आहे, अर्थाचं एवढं काही नसतं." तिने माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही. नीट, विचारल्यासारखं पाहिलं. मी तोवर दुसरीकडे वळलो होतो. मग ती भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवून आली.

कार्यक्रमानंतर आठवड्याने संगीता माझ्या घरी आली. रबर लावलेली कॅलेंडरांची भेंडोळी दोन पिशव्यांत घालून तिने आणली होती.

"हे तुला द्यायचं होतं आईला. त्यासाठीच बोलावलं होतं."

"मला? मी काय करू याचं?"

"तपासायचं. हे सगळं अभ्यासिकेत मुलींसाठी ठेवायचं ठरवलं होतं तिने. म्हणाली, त्याआधी जीके एकदा नजर घालेल. चुकीचं काही पोरींच्या तोंडी जायला नको."

मी विचारलं, मग फोन का नाही केलास? मला काय माहीत, एवढं बरं नाहीये ते?

"मी करणारच होते, दादा. तिनेच करू दिला नाही. दम लागत होता तरी रोज संध्याकाळी दाराकडे बघायची. म्हणायची, कशाला फोन? मी लिहिलंय ना त्याला. तो आजच येईल बघ."

"पण संगे, तिने तर यथावकाश..."

"तेच ना," संगीता म्हणाली. "तेच मला कळत नव्हतं. एवढ्या घाईचं लिहिलंय म्हणते, आणि तू येत नाहीस." यातलं मला काहीच उमगलं नाही. मी तिला चहा विचारला. ती थांबली नाही.

पुढचे तीन रविवार मी लाल पेन घेऊन बसलो. खरं सांगायचं तर जरा तोऱ्यातच बसलो. सातवी शिकलेल्या बाईच्या चुका काढायच्या म्हणजे पेनाला शाई पुरेल का, अशी मला काळजी. पण पेन कोरडंच राहू लागलं. एखादी वेलांटी, एखादा रफार. अर्थ एकूण एक पक्के, कारण प्रत्येकामागे ते काम करणारा माणूस उभा. माझ्या आयुष्यातली माणसं त्यात होती आणि मी त्यांना ओळखतही नव्हतो. आमच्याच गल्लीतल्या केळीवाल्याकडून तिने चार शब्द घेतले होते. मी त्याच्याकडून नुसती केळी घेतली.

तिसऱ्या रविवारी एका कॅलेंडरच्या पावसाळ्यातल्या पानावर मी थांबलो. चौकोनात लिहिलं होतं : 'यथावकाश. लगेच, वेळ न दवडता. सांगितलं : जीके. त्याच्या कचेरीतला शब्द.'

आणि मला तो दिवस आठवला... म्हणजे तो विसरलेला नव्हताच, फक्त कामाचा नव्हता. जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं कमी होती. आत्या माझ्या टेबलासमोर उभी, हातात आमच्या कचेरीचं पत्र. 'आपल्या अर्जाचा यथावकाश विचार करण्यात येईल.' ते वाक्य मीच लिहिलं होतं, दिवसातून दहा पत्रांत लिहायचो. मागे दोन-तीन माणसं ताटकळत होती. "जीके, ह्याचा अर्थ काय रे?" खरा अर्थ सांगितला असता तर ती म्हणाली असती, म्हणजे कधी? मग मला वर जावं लागलं असतं, फाईल शोधावी लागली असती. मी डबा काढत म्हणालो, "म्हणजे लगेच गं. वेळ न घालवता." तिने विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, "आत्या, हा माझ्या हातातला शब्द आहे." तिचाच नियम तिला ऐकवला. तिचा चेहरा असा उजळला... ती घाईघाईने निघून गेली, मुलींना सांगायला. नंतर कोणाकडून तरी कानावर आलं होतं की मुलींनी दुसऱ्या दिवशी जाऊन त्या बंद खोलीचं अंगण झाडून ठेवलं.

विचार काही झाला नाही, तरी तिने शब्दावर संशय घेतला नाही. कचेरीवर घेतला. शब्द पाळता येत नाही, म्हणाली, आणि अगदी शब्दशः म्हणाली. साखरपुड्याच्या हशातही तिने माझ्याकडे पाहिलं ते हेच विचारायला, की जीके, तूच सांगितलास ना? तेव्हा एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. आणि शेवटी, श्वास पुरत नसताना, तिने माझ्याच कचेरीतला, माझ्याच तोंडचा शब्द निवडून मला लिहिलं : लगेच ये. मी खरा अर्थ लावला आणि घरी बसलो. साखरपुड्यात ती हा शब्द कसा वापरते ते मी कानांनी ऐकलं होतं, त्यामुळे मला कळायला मार्ग नव्हता असंही म्हणता येत नाही. सोयीचा अर्थ समोर होता, तो मी उचलला. ते फोन दाखवत फिरणं आठवलं की अजून कान गरम होतात.

मी लाल पेनाने तो अर्थ खोडला. वर लिहिलं, 'सवडीने, जमेल तेव्हा.' सांगणाऱ्याचं नाव तसंच ठेवलं. मग संगीताला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कॅलेंडरं अभ्यासिकेत नेऊन दे. तू स्वतः ने."

विहाराच्या मागच्या त्या खोलीत आता भिंतीला ओळीने खिळे आहेत. मधल्या खिळ्यावर यंदाचं कॅलेंडर, आत्याच्या स्वयंपाकघरातलं, सुतळीला बांधलेल्या तिच्या पेन्सिलीसकट. तिचा शेवटचा चौकोन 'नेब्युलायझर'चा आहे. 'सांगितलं : नर्स ताई.' त्यापुढचे चौकोन मुली भरतात. मी पिशव्या रिकाम्या करत होतो, तेव्हा एक मुलगी जुनी कॅलेंडरं चाळत बसली होती. लाल शाई एकाच ठिकाणी ठळक दिसत होती, त्यामुळे तिथेच अडली.

"काका, आजींच्यात एवढा एकच अर्थ चुकलाय?"

"आजींचा नाही. सांगणाऱ्याचा."

तिने खालचं बारीक अक्षर वाचलं. "हा जीके कोण?"

"कचेरीत होता एक."

"मग त्याला कळलं का, आपण चुकीचं सांगितलं ते?"

मी खिळ्यावरचं कॅलेंडर उगाचच सरळ केलं. "कळलं," मी म्हणालो. "यथावकाश."

तिने एकदा लाल अक्षरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग सुतळीची पेन्सिल ओढून माझ्या हातात दिली. आजचा चौकोन रिकामा होता.